मास्तरांचा दगड

मी नागव्वा. म्हायेर अक्कलकोटच्या पल्याड, घरात समदे कानडी बोलायचे, लगीन होऊन हितं सोलापूरच्या कडंला आले तवा मला मराठीत जेवलासा का यवढंच येत व्हतं, आनि काय सांगू तुमाला ताई, मालक कामाला कुटं, तर ह्या गोल्फच्या मैदानावर. पयल्या दिवशी बघितलं तर चांगली शिकलेली मानसं उन्हात काठीनं चेंडू बदडत्यात आनि मंग त्येच्या मागं चालत सुटत्यात. मी कानडीत इचारलं, ह्यास्नी घरी कामं न्हाईत व्हय? इरप्पा, म्हंजे माझा मालक, लई हसला.

मैदान मुरमाचं, गवत पावसाळ्यापुरतं. भोकाभवती हिरवळ न्हाय, तेल शिंपडलेली वाळू हाय, तिला ब्राऊन म्हनत्यात, मेंबर खेळून गेला की तिच्यावरनं गोनपाट वढून पायाचं ठसं पुसायचं, हे माझं काम. दगडाचं काम इरप्पाचं. हितली रीत अशी हाय बगा, हरेक मेंबरचा आपला रंगवलेला दगड असतोय, आनि जितनं पयला चेंडू मारायचा, त्या जागंला टी म्हनत्यात, तितं त्यो मांडायचा. मार लांब जातोय त्येचा दगड मागं, कमी जातोय त्येचा म्होरं. वय झालं, हात ढिला पडला, की दगड म्होरं घ्यायचा, नारळ फोडायचा, मेंबर पेढे वाटायचा, कोन कुनाला हसायचं न्हाय. सांजच्याला समदे दगड खोलीत, सकाळी परत मैदानावर. इरप्पा म्हनायचा, आपल्या ताकदीपरमानं उबं ऱ्हावं, खेळ मंग ग्वाड लागतोय.

तर मास्तर. शाळेतनं रिटायर झालेले, इरप्पाचे जीवाभावाचे. मेंबर आनि माळी अशी दोस्ती मी दुसरी बघितली न्हाय, एका डब्यात जेवायचे. पन दगडावरनं रोज भांडान. दुसऱ्या टीच्या म्होरं जुनी दगडाची खान हाय, पान्यानं भरलेली, मास्तरांचा निळा दगड पार मागं, तरनेपनी त्यांचा चेंडू खानीवरनं सुटायचा, म्हातारपनी काय सुटतोय! रोज डुबुक. आनि ह्यो हट्टी मानूस चेंडू हुडकायला खानीत उतरायचा, काठ मुरमाचा, पाय घसरला की संपलं. इरप्पा म्हनायचा, मास्तर, दगड म्होरं घेतो. मास्तर म्हनायचे, खबरदार, मी मेल्यावर घे.

मंग इरप्पाच्याच अंगावरनं वारं गेलं, एक पाय वढत चालायला लागला, आनि पुढच्याच उन्हाळ्यात गेला. जाताना मला म्हनला, नागे, मास्तरला म्होरं घे, खान त्येला खाईल. मी व्हय म्हनलं. दगडाचं काम माझ्याकडं आलं, पन मास्तर काय मला ऐकनार! मी मेलीनं निळा दगड तितंच मांडला, जितं त्यांनी बोट दाखवलं.

एक दिस सकाळी, ऊन नुकतं आलेलं, दगड मांडून मी टीच्या शेजारच्या, पयल्या भोकाच्या ब्राऊनवर गोनपाट वढायला गेले. परत येऊन बगते तर निळा दगड खानीच्या पार कडंला, म्होरं. आजूबाजूला चिटपाखरू न्हाय. उचलून मागं ठेवला. वळले तर नुकत्या पुसलेल्या वाळूवर ठसं. एक पाय नीट, एक वढलेला. गोनपाट माझ्या हातातनं पडलं.

तवर मास्तर आले. ठसं बघितलं. हळूच म्हनले, इरप्पा आला होता का गं? आनि रागानंच मागं दगडाशी जाऊन उबं ऱ्हायले, मारला चेंडू. काठीचा आवाज आला, चेंडू वर गेलेला दिसला. पन डुबुक न्हाय. आमी दोघं कान देऊन उबं. पानी हललं न्हाय, वारं न्हाय, पाखरू न्हाय.

म्होरं गेलो तर, आई शप्पत सांगते, खानीच्या कडंला, जितं मघाशी दगड आला व्हता तितं, लाकडाच्या खुंटीवर मास्तरांनी मारलेला त्योच चेंडू बसवलेला. मारायला तयार. मास्तर त्या चेंडूपाशी जाऊन उबं ऱ्हायले. म्हनले, बरं बाबा, बरं. तितनं मारला आनि चेंडू खानीपल्याड जाऊन पडला, तसं मास्तर हसले आनि मंग ल्हान पोरावानी रडले. मी नारळ फोडला. पेढे त्यांनी दुसऱ्या दिशी आनले, एक इरप्पाच्या नावानं खानीकाठी ठेवला.

तवापासनं तितनंच खेळत्यात. खानीत उतरत न्हाईत. मला वाटलं माझा शबूद पुरा झाला, इरप्पा निवांत झाला आसंल.

पन ताई, आता खरं सांगते, कुनाला बोलले न्हाय. ह्या उन्हाळ्यापासनं दगड परत सरकतोय. मी खानीकाठी मांडते, गोनपाट घिऊन जाते, आनि बगते तर निळा दगड खान वलांडून म्होरं. पयलं भोकापासनं लांब व्हता. मंग जवळ. आता पल्याडच्या ब्राऊनवर, भोकाच्या अगदी काठाला येऊन बसतोय, आनि भवती त्योच वढलेल्या पायाचा ठसा. मला कळतंय की त्याला काय पायजे. एकट्याला करमत न्हाय त्याला. पन मी बी त्याची बायकू हाय, तिथंच उबं ऱ्हाऊन भांडते, म्हनते, तुमी म्हनला म्होरं घे, घेतलं की! आता बास. मास्तरास्नी खेळू द्या अजून, नात हाय त्यांची लग्नाची. आनि ठसं पुसते, दगड उचलते, मास्तर यायच्या आत मागं न्हिऊन ठेवते. रोज.

ते बगा, आलेच मास्तर. काठी टेकत येत्यात, पन हसत्यात कसं. देव त्यास्नी लई आयुष्य देवो. त्यांच्यापाशी ह्यातलं काय बोलू नका.

आज ह्यो भोकाकाठचा दगड मला उचलंना ताई. जरा हात लावता का?