दांडगा कितवा?

तेलगावच्या एसटीत अंगद बबलगमवर मिळालेले पैलवानांचे तीन पत्ते लावत होता: बारका, मधला, दांडगा. तेलगावातल्या पत्त्यांच्या स्पर्धेत दोघांचे पत्ते लावलेल्या क्रमानं एकेक भिडायचे, मोठा लहानाला पाडायचा, आणि तीनपैकी दोन कुस्त्या मारेल तो जिंकायचा. तिथं त्याची गाठ रवीशी होती, आणि रवी बहिणीसोबत नेमका त्याच्याच मागं येऊन बसला.

“ताई, दांडगा कितवा लावू?”

“दुसरा. अंगद जत्रंतल्यासारखी मोठी कुस्ती शेवटीच ठेवणार. तिथं आपला बारका पडू दे, बाकी दोन्ही कुस्त्या आपल्या.”

अंगदनं हळूच आपला दांडगा वर, पहिल्या जागी घेतला.

“ताई, म्होरं अंगदच हाय! समदं ऐकलं त्यानं.”

“म्हणून तर मोठ्यानं बोलले. त्यानं दांडगा वर घेतला असंल. आता तू बारका वर घे.”

अंगदला हसू फुटलं, तरी हात पुन्हा पत्त्यांकडं गेलाच.

“ताई, हे बी ऐकलं!”

“ऐकू दे की. तेलगाव येईस्तोवर बसू दे लावत.”