कापसात पुरलेला ॲम्प्लिफायर

शपथेवर सांगतो, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. म्हणजे मी त्या दिवशी बडनेऱ्याला होतो, पण टेप नंतर ऐकली. ते पाहिल्यासारखंच झालं.

अकोल्याच्या मनोहरला नागपूर रेडिओवर इलेक्ट्रिक गिटार वाजवायची होती. निवडीसाठीची टेप त्याच दिवशीच्या टपालानं जायला हवी होती. पण माईक ॲम्प्लिफायरजवळ ठेवला की आवाज फाटे, लांब ठेवला की खोली घुमे. शेजारच्या खोलीत भाव चढायची वाट पाहत कापूस छतापर्यंत रचला होता. मनोहरनं त्यात भुयार केलं आणि ॲम्प्लिफायर, माईक दोन्ही आत सरकवले. आवाज एकदम लोण्यासारखा झाला.

गत रंगात आली आणि त्याच्या आत्याबाई म्हणाल्या, "मन्या, कापसातून धूर येऊन राहिला बे."

"आत्या, एक मिनिट थांब. संपतच आलं."

"वर्षाचा कापूस जाळतं काय बे? तुह्या बापानं तरी असा बाजा पाह्यला होता काय?" असं म्हणत त्या स्वतःच भुयारात शिरल्या आणि ऐन माईकसमोर बसून दोन मिनिटं त्याचा उद्धार केला.

पुन्हा वाजवायला वेळ नव्हता. मनोहरनं तीच टेप धाडली. टेप परत आली, सोबत उत्तर: गिटार नको. बाईंचा आवाज स्वच्छ आहे, त्यांना शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी पाठवा.

आता कबूल करतो, धूर माझ्या पदरचा. कापूस नुसता कोमट झाला होता. पत्र मात्र खरं. आत्याबाईंना नागपूरच्या गाडीत बसवून द्यायला दर महिन्याला मनोहरच जायचा.