भाकरी भाजेस्तवर

सोलापुरातल्या हाडांच्या दवाखान्यात काव्या मुरगळलेला घोटा समोरच्या स्टुलावर ठेवून बसली होती. खो-खोचं मैदान तिनं महिनाभर पाहिलं नव्हतं. शेजारच्या बाकावर बसव्वा आणि तिची सून शिवलीला यांची जुंपली होती.

“आत्या, डॉक्टरांना समदं खरं सांगा. पाय मुरगळल्या मुरगळल्या तेल लावून चोळला म्हनून.”

“एकदाच चोळला. बटाट्यावानी टम्म फुगला, तवा सोडून दिलं की.”

“आनि पुन्यांदा मुरगळू नये म्हनून दिलेला व्यायाम?”

“रोज करती. तव्यावरची भाकरी भाजेस्तवर त्याच एका पायावर उभी ऱ्हाती. आदी ओट्याला धरत हुते, आता तेबी न्हाय.”

“म्हनून काल भाकरी करपली व्हय?”

“करपली तर करपली. शेजारची गंगव्वा हसली मला. म्हनली, बगळा झालीस की गं! म्हनलं, ये, तूबी उभी ऱ्हा.”

“मग?”

“ती कलंडली. मी न्हाय.”

काव्याला हसू फुटलं. तेवढ्यात आतून तिच्या नावाची हाक आली आणि सोबत आलेल्या आईनं नेहमीसारखा आधाराला हात पुढं केला.

“हात नको, आई. नुसती शेजारनं चाल.”