दाढीवाल्याचा फोटो

— मान जरा मागे घे, दोस्ता. हां, अशी. डोळे मीट खुशाल, धुरानं सगळ्या गावाचेच चुरचुरतायत. ही बाजू झाली, आता ती. पंधरा वर्षं तरी लागली असतील एवढी वाढवायला — वीस? बघ. पण धुराचा मास्क दाढीवर नीट बसत नाही, त्याला काय करणार. आग विझवणाऱ्या ब्रिगेडच्या सगळ्या पोरांनी या महिन्यात याच खुर्चीत दाढ्या काढल्या. डोंगर जळतोय आणि लेस्टर न्हाव्याची चांदी, असं माझी बायको म्हणते. ग्लेनिस. ती माझ्याबद्दल चांगलं बोलत नाही, पण चुकीचंही बोलत नाही.

आता फोनवर ते ‘वोम्बीरा नोटीसबोर्ड’ आहे ना, ते पान मीच चालवतो. आधी काय यायचं त्यावर — हरवलेलं मांजर, चर्चमधल्या केकविक्रीची वेळ. आग लागली आणि लोक एकमेकांच्या उरावर बसले. अर्धे म्हणतात, हवामान बिघडलं, हे कोळसेवाल्यांचं पाप. उरलेले म्हणतात, झाडांचे कैवारी हिवाळ्यात पालापाचोळा जाळू देत नाहीत, हे त्यांचं पाप. माझा चुलतभाऊ या बाजूचा, मेव्हणा त्या बाजूचा. आणि मी? मी ज्याची दाढी करत असेन त्याच्या बाजूचा. न्हाव्याला मत परवडत नाही.

मग तो फोटो. पाहिलाच असशील — टेकडीमागच्या रस्त्यावर एक दाढीवाला हातातल्या डब्यातून पेटतं तेल गवतावर सोडत चाललाय. खाली लिहिलेलं, ‘आग कोण लावतंय ते बघा.’ तासाभरात दोन हजार शिव्या. आता येणाऱ्या आगीला खायला काही उरू नये म्हणून आधीच एक पट्टा जाळून ठेवतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळतं, मी स्वतः दोन उन्हाळे पाण्याची नळी धरलीय. पण वाचकानं पाठवला, म्हणून टाकला — म्हणजे, वाचक कसला, गाडीच्या खिडकीतून मीच काढला. कोपऱ्यात ब्रिगेडचा ट्रक होता. असेल, धुरात काय दिसतंय — बरं, होता. बोटानं चौकट सरकवून फोटोबाहेर काढला मी त्याला. ट्रकसकट कोण बघणार होतं? मांजराला लाइकचे आठ अंगठे मिळायचे रे. आठ.

काय म्हणालास? दाढी मास्कसाठी काढत नाहीस?

नेव्हिल, तुझा नंबर नंतर घेतो, बाकावरून कान देऊ नकोस — निघालास? बरं. हां, बोल तू. तुला पंपावर डिझेल दिलं नाही. तुझ्या मुलीला पोहण्याच्या तलावावरून घरी पाठवलं. आणि कॅप्टन म्हणतो, लोक शांत होईपर्यंत ट्रकवर येऊ नकोस. तुझं स्वतःचं कुंपण त्या आगीपासून चार मैलांवर, आणि तू घरी. म्हणून दाढी. तोंड ओळखू येऊ नये म्हणून.

मला माहीत होतं. तू दारातून आलास तेव्हाच. ही दाढी मी फोनवर दोन बोटांनी मोठी करून पाहिलीय, ओळखणार नाही? म्हणूनच एवढी बडबड चाललीय, नाहीतर मी — नाही, एरवीही एवढीच करतो. मला लाज वाटतेय, दोस्ता. कालपासून वाटतेय, आणि मी कालपासून मोजतोय शिव्या किती झाल्या ते.

थांब, लिहितोच. साबण वाळला तर वाळू दे. ‘फोटो मी काढला. ट्रक मी कापला. हा माणूस आपलं गाव वाचवत होता. — लेस्टर.’ गेलं. बघ, उत्तरं आली. पहिला विचारतोय, किती पैसे मिळाले. दुसरा म्हणतो, हा लेस्टर नाहीच, पान कुणीतरी बळकावलंय. तिसरी ग्लेनिस. तिनं अंगठा दिलाय. एकतीस वर्षांत पहिला.

आणखी एक आलंय, मंजुरीला. नेव्हिलचं. फोटो आहे — ही खुर्ची. तू, अर्धी दाढी गेलेला. मागे मी, हातात वस्तरा, आणि कशाला कोण जाणे, हसतोय. ‘आग लावणारा तोंड बदलतोय, न्हावी सामील.’ नाकारलं. पण गावाचं आणखी एक पान आहे, त्यावर टाकलाच त्यानं. दोनशे शिव्या झाल्यासुद्धा. आरसा, दुकानाची पाटी, सगळं आलंय. काही कापलं नाही त्यानं. माझ्यापेक्षा प्रामाणिक निघाला.

बाहेर गाडी थांबली. दुसरीही. मागच्या दारानं जायचंय? नको? मग मीही इथेच.

उरलेली काढू की ठेवू, सांग. काढ म्हणतोस? काढतो. मान वर घे. आता मी गप्प बसतो.