बूट गोलात, चेंडू बाहेर

काय सांगू तुमाले भाऊ, मी सिंदेवाहीकडच्या ढिवराचा पोरगा, बाप तलावात जाळं टाके, उन्हाळ्यात तलाव आटला का त्याच भेगाळल्या गाळात आमी अनवानी चेंडू हानो, तळव्याची चामडी अशी झाल्ती का काटाच मोडे. त्याच पायानं मले घुग्घुसच्या कोळसा खदानीत नोकरी लावली, हजेरी खदानीत अन् काम मैदानावर, फॉरवर्डचं. शिफ्ट सुटली का काळ्या तोंडाचे कामगार मैदानावर येऊन वरडत, सुट बे मासोळे, सुट! मासोळी म्हनजे मी, कोनाच्या हाती लागो नाई म्हनून. आता पोट पाहा, मासोळी कायची, म्हैस झालो.

हां, तर ऐंशीनंतरचे सालं ते. कोच म्हने, कलकत्त्याच्या क्लबचे लोक नागपूरले खेळाडू निवडाले येऊन राह्यले, तुले बलावलं, पन तिथी बूट लागन. आमच्या मैदानावर कोन बूट इचारे? नवे घेतले तर असे चावले का चालनं होये नाई. घरी नेले. बाप म्हने, वाहना चावल्या तर काय करतो आपन? टोरीच्या तेलात मुरवतो. मोहाच्या बियाचं तेल जी ते. बापानं चार दिवस बूट मडक्यात मुरवले, लोनच्यावानी. बूट लोन्यावानी मऊ झाले. बाप म्हने, जाय, आता कलकत्त्यापर्यंत चाल.

नागपुरात चेंडू भेटला, पुढं एकटा गोलकीपर. हानला मी जोरात, तर तेलातला पाय सटकला, बूट गेला गोलात अन् चेंडू बाहेर! गोलकीपरनं पन झेप मारली ती बुटाकडंच. सारं मैदान हासलं, मी बी हासलो. बूट उचलला तर तेलानं शिवन उसवलेली. रेफरी म्हने, बूट फाटला, बाहेर बस. बसलो. कलकत्तेवाले गेले, परत आलेच नाई.

खदानीकडून मग लय वर्षं खेळलो, गोलही लय केले. पन आजही कोनी कलकत्ता म्हनलं का पाय आपोआप हालते.

बापाले मी हासूनच सांगतलं होतं. पन मरेपर्यंत त्यानं आपल्या वाहनाले तेल लावलं नाई, चावल्या तरी लंगडत तलावावर जाये. तो गेल्यावर मीच त्या वाहना टोरीच्या तेलात मुरवल्या. आता मीच घालतो. रोज सांजच्याले मैदानावर जातो, पोट्ट्याइचे नवे बूट पाहतो अन् म्हनतो, चावू द्या बापाहो, चावू द्या, पन खेळा.