तिघांचं केंद्र आणि माझी मोरी

…आणि वर मलाच म्हणतात, "मावशी, जरा धीर धरा!" अहो, किती धरू? धीर धरायलासुद्धा मनगटात जोर लागतो, आणि माझं मनगट गेलंय ब्लँकेटं पिळून पिळून!

तुम्हाला सांगते, माझं धुलाईचं दुकान. हॉस्पिटलातली ब्लँकेटं, लॉजातल्या रजया, सगळं आमच्याकडे. भिजलेलं ब्लँकेट पिळलंय कधी? नाही ना? मग बसा गुपचूप. एक टोक माझ्याकडे, एक जाऊबाईंकडे, ती डावीकडे ओढणार, मी उजवीकडे, आणि शेवटी ब्लँकेट तसंच ओलं नि पिळून निघालेल्या आम्ही! डॉक्टर म्हणाला, "आता पिळणं बंद, नाहीतर हात कायमचा जाईल." पिळणं बंद म्हणजे दुकान बंद. मग खायचं काय, डॉक्टरची चिठ्ठी?

तर माझी भाची, बहिणीची मुलगी, विद्यापीठात शिकते. तिनं माझं सुजलेलं मनगट बघितलं नि गपचूप एक यंत्र केलं. दोन जाडजूड रूळ नि खाली पॅडल. बसल्या बसल्या पाय मारा, इकडून ओलं ब्लँकेट घाला, तिकडून निघतं पुठ्ठ्यासारखं सपाट! म्हटलं, चल, आण दुकानात! तर म्हणते, "मावशी, एकट्या तुझ्यापुरतं कशाला? तुझ्यासारख्या किती जणी मनगटं धरून बसल्यात! विद्यापीठात केंद्र आहे ना, नव्या धंद्यांना हात देणारं. जागा विद्यापीठाची, पैसा सरकारचा, कारखाना कंपनीचा. तिघांनी मिळून काढलंय."

तिघांनी? मी तिथेच कपाळावर हात मारला. तीन तिघाडा, काम बिघाडा!

"तुझं आपलं काहीतरीच, मावशी," म्हणाली.

बरं, बघायला गेले. काय ते केंद्र! तिसरा मजला, काचेच्या भिंती, चाकांच्या खुर्च्या, आणि खाली गालिचा… असा मऊ, की मी चपला काढून हातात घेतल्या. खोटं कशाला बोलू, हरखलेच! भाची हरखली, मी हरखले, गालिचा निवडणारा तर आधीच हरखलेला असणार. पण एकाच्याही ध्यानात आलं नाही, की बाई गं, यंत्र आहे पाणी काढायचं, आणि या अख्ख्या खोलीत मोरी कुठाय?

आला तो दाखवायचा दिवस. यंत्र पसंत पडलं तर कंपनी ते बनवणार, नाहीतर चाललं भंगारात, आणि त्याच्यामागं माझं दुकान. सरकारी साहेब आले, विद्यापीठाच्या बाई आल्या, कंपनीवाले आले चकचकीत बूट घालून. शिपायानं लिफ्टनं बादल्या चढवल्या, मी ब्लँकेट भिजवलं, भाचीनं मारला पाय… आणि यंत्र चाललं हो! इतकं चाललं, इतकं चाललं, की खालचं घमेलं भरलं, वाहिलं, गालिचा भिजला, आणि कंपनीवाल्यांच्या बुटात गेलं पाणी! पाऊल टाकलं की पच्, पाऊल टाकलं की पच्!

आता पुन्हा दाखवायचं तर आधी मोरी करा म्हटलं, तर साहेब म्हणतात, "जागा विद्यापीठाची आहे, आधी त्यांचं होऊ दे." बाई म्हणतात, "अहो, पैसा सरकारचा, आधी त्यांचं होऊ दे." कंपनीवाले बूट उपडा करत म्हणतात, "करारात मोरी नाहीये. आधी या दोघांचं होऊ दे." तीन तिघाडा…! आणि वर त्या बाई, माझ्याच वयाच्या, मला म्हणतात, "मावशी, जरा धीर धरा!"

धरला. धरला हो! यंत्र चादरीखाली झाकून पडलं, भाची जेवणाच्या ताटावर नुसती बोटं फिरवायला लागली, म्हणायला लागली, "मावशी, नोकरीच बघते कुठेतरी." मग मात्र माझं डोकं फिरलं. गेले तडक त्यांच्या बैठकीत. म्हटलं, "उचला ते यंत्र, चला माझ्या दुकानात! तिथे मोरी आहे, माझी आहे, आणि माझ्या मोरीवर कुणाची सही लागत नाही!"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. वाटलं, आता हाकलतात. तर बाईच आधी उठल्या. म्हणाल्या, "चला, खरंच चला."

आणि आले हो! माझ्या दुकानात उभं राहायला जागा नाही, खाली ओलं, वर दोऱ्या, तिघं खेटून उभे. साहेबांनी पँट दुमडली नि बसले पॅडलवर, बाईंनी ब्लँकेट घातलं, कंपनीवाल्यांनी (या खेपेला चपला घालून आले होते, शहाणा माणूस!) पलीकडून ओढून घेतलं. पाणी मोरीत खळखळ खळखळ… "अरे वा!" साहेब ओरडले, "मी एकट्यानं पिळलं?" पोरासारखे! माणसं वाईट नव्हती हो, नुसती एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली होती. सह्या कुठे झाल्या माहितेय? माझ्या इस्त्रीच्या टेबलावर! यंत्रं बनणार. भाची पोटभर जेवली. माझ्या मनगटाची सूज उतरली. चला, म्हटलं, तीन तिघाडा, पण काम काही बिघडलं नाही!

पण सुखासुखी सोडतील तर ना! साहेब म्हणाले, "मावशी, यंत्रं इथेच तपासायची, तर दुकानही भागीदार हवं. आता तुम्ही चौथ्या." मी फुशारकीनं अंगठ्याऐवजी चांगली सही ठोकली. तेव्हापासून बैठकीला जाते, चाकाच्या खुर्चीत बसते, एकदा घरंगळत दारापर्यंतही गेले.

परवा भाची धावत आली. "मावशी, दुसरं यंत्र आलंय, दारात टेम्पो उभाय, कुठे ठेवू?"

आणि तुम्हाला सांगते… माझं दुकान, माझी मोरी, आणि माझ्याच तोंडातून निघालं काय?

"थांब गं जरा. आधी त्या तिघांचं होऊ दे."