पाचवा पाय

डेव्हन ॲव्हेन्यूच्या बसथांब्यावर माझ्यामागे दोघी मराठीत बोलत होत्या. एक वयस्कर मावशी, आणि दुसरी एका वृद्ध असिरियन शिल्पकाराकडे काम शिकणारी आश्लेषा.

“चेहरा का उतरलाय गं? सरांचा पंखवाला बैल पार्कमध्ये बसणार ना?”

“बसेल, मावशी. पण पार्कची कमिटी म्हणाली, पाच पाय मिस्टेक वाटते, चारच ठेवा.”

“पाच कशाला पण?”

“त्यांच्या पूर्वजांची रीत ती. समोरून पुढचे दोनच पाय दिसतात, बैल पहाऱ्याला उभा वाटतो; बाजूनं चार दिसतात, तो चालताना वाटतो.”

“आपल्या गणपतीला चार हात चालतात, मग बैलाला पाच पाय का नकोत? नाही म्हणायचं!”

“सर म्हणाले होते नाही. मग प्रोजेक्टच कॅन्सल करतो म्हणाले ते लोक. आणि सर आता ब्याऐंशीचे आहेत, मावशी.”

“मग?”

“मातीचा बैल अजून ओला होता. सरांनी कापायची तार माझ्याकडे दिली. मी विचारलं, कुठला पाय कापू? उभा की चालता?”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘उभा काप. कत्तल झाली तेव्हा आमच्या गावातले जे चालत निघाले, तेवढेच वाचले.’”